मागच्या दाराने सीएस?

पत्र: आम्ही फ्रीमाँटला राहतो. लेक बारावीत आहे, कॉलेजचे अर्ज भरायला घेतलेत आणि 'मेजर'च्या (मुख्य विषयाच्या) रकान्यावर घरात रोज वाद होतोय. तिला पक्ष्यांचं वेड. इथल्या खाडीकाठच्या अभयारण्यात तीन वर्षं पक्षीगणनेला जाते. गोळा झालेल्या नोंदींचे पायथनमध्ये आलेख काढते. भरती-ओहोटीच्या वेळा वेगळ्या केल्यावर आकडे कसे बदलले, हे ती पाहुण्यांनाही तासभर सांगते. तिचे बाबा म्हणतात कॉम्प्युटर सायन्सच (सीएस) टाक, पक्षी छंद म्हणून ठेव. मला वाटतं, सतरा वर्षांच्या पोरीवर एवढा निर्णय कशाला लादायचा, 'अनडिक्लेअर्ड' टाकावं. मंडळाच्या गणपतीत एक काका भेटले. त्यांचं म्हणणं, लिंग्विस्टिक्ससारखं कमी गर्दीचं मेजर टाका, आत शिरली की सीएसला बदलून घेता येतं. अकरावीत एपी (कॉलेज पातळीच्या) बायॉलॉजी आणि कॅल्क्युलस एबीला पाचपैकी ५ आहेत, या वर्षी बीसी (कॅल्क्युलसचा पुढचा भाग) आणि फिजिक्स. कॉम्प्युटरमध्ये फक्त 'प्रिन्सिपल्स' हा प्राथमिक कोर्स. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूसीचे, पाच कॅम्पस (बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, डेव्हिस, सांता क्रूझ), सॅन होजे स्टेट, कॅल पॉली आणि बाहेरच्यांत इलिनॉय नक्की. ती एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाचा नंबर कधी लागेल देव जाणे. काय लिहू? — एक आई

ताई,

सुरुवात काकांपासून करू, कारण घरातल्या दोन्ही मतांपेक्षा त्यांच्या सल्ल्यात धोका जास्त आहे. ते खोटं बोलत नाहीत, त्यांची माहिती जुन्या बॅचची आहे. बर्कलीत काही वर्षांपूर्वीपर्यंत लेटर्स अँड सायन्समध्ये (कला-विज्ञानाच्या कॉलेजात) कुठलंही मेजर सांगून आत यायचं, ६१ए, ६१बी आणि ७० हे सीएसचे तीन कोर्स करायचे, त्यांत ३.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) आणायचा आणि सीएस जाहीर करायचं, असा राजरोस रस्ता होता. पुष्कळ मुलं त्याच रस्त्याने गेली. २०२३च्या प्रवेशापासून बर्कलीत सीएसला थेट अर्जातूनच घेतात. आधीच आत असलेल्यांना नंतर अर्ज करता येतो, पण जागा मोजक्या आणि सगळ्या अर्जदारांची तुलना करून निवड. तीन कोर्स पास झाले म्हणून आता कोणी दार उघडत नाही.

सांता क्रूझला नियम आणखी सरळ आहे: सीएस करायचं असेल तर अर्जात पहिली पसंती म्हणून तेच लिहायचं, नंतर आठवण झाली तर उपयोग नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन स्कूलची, म्हणजे सीएसची, निवड अर्जाच्या वेळीच होते आणि बाकीच्यांनी नंतर शिरण्याच्या भरवशावर येऊ नये, असं ते स्वतःच सांगतात. इलिनॉयला दुसऱ्या मेजरमधून सीएसमध्ये जाणं जवळजवळ बंदच आहे.

हे प्रत्यक्षात कसं फसतं ते पाहा. लिंग्विस्टिक्समध्ये प्रवेश मिळालेली मुलगी पहिल्या सत्रात प्रोग्रामिंगच्या कोर्सला नाव घालायला जाते. त्या कोर्सच्या जागा आधी मेजरवाल्यांना जातात, हिचं नाव प्रतीक्षा यादीत. कोर्स दुसऱ्या सत्रात मिळतो, म्हणजे पुढचा तिसऱ्यात, आणि मेजर बदलायचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. तोपर्यंत तिने लिंग्विस्टिक्सचेही कोर्स अर्धवटच केलेले, कारण मन तिकडे नव्हतं. अर्ज नाकारला गेला की तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर तिच्या हाती न आवडणारं मेजर आणि कोर्सची भलीमोठी थकबाकी. चार वर्षांत पदवी होईल का, इथून प्रश्न सुरू होतो. (लिंग्विस्टिक्स हा स्वतः कसदार विषय आहे. त्याला धर्मशाळा समजणाऱ्यांना वाक्यरचनेच्या पहिल्याच कोर्सला घाम फुटतो.)

शिवाय अर्ज वाचणाऱ्यासमोर फक्त रकाना नसतो. यूसीच्या अर्जात उपक्रम आणि पारितोषिकांच्या वीस नोंदी आणि प्रत्येकी ३५० शब्दांची चार उत्तरं असतात. बायॉलॉजी, पक्षी आणि पायथनने भरलेल्या अर्जावर 'लिंग्विस्टिक्स' लिहिलं, तर ते ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं दिसतं.

आता मूळ गोष्ट. तुम्ही तिघं एकाच प्रश्नावर भांडताय, पण अर्जागणिक तो प्रश्न वेगळा आहे. मेजरचा रकाना सगळीकडे दिसायला सारखाच, वजन मात्र निरनिराळं. त्यावरून कॉलेजांच्या तीन जाती. पहिल्या जातीत तो निव्वळ माहितीसाठी असतो. स्टॅनफर्ड, एमआयटी आणि बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत काहीही लिहिलं तरी प्रवेश कॉलेजात मिळतो, मेजर नंतर ठरवायचं: एमआयटीत पहिल्या वर्षाच्या शेवटी, स्टॅनफर्डला दुसऱ्या वर्षाच्या शेवटपर्यंत. तुमच्या यादीत याच्या सगळ्यात जवळ यूसीएलएचं (यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसचं) लेटर्स अँड सायन्स आहे. तिथे पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला मेजर धरत नाहीत. पण त्याच यूसीएलएत इंजिनियरिंगचं सॅम्युएली स्कूल मेजर पाहून घेतं आणि सीएस तिथेच आहे. म्हणजे एकाच विद्यापीठात दोन कायदे.

दुसऱ्या जातीत मेजरपेक्षा 'कुठलं कॉलेज' याला महत्त्व. परड्यूला इंजिनियरिंगच्या मुलांना पहिलं वर्ष सामाईक असतं, शाखा नंतर. आता तुमच्यासारख्या घरात हमखास होणारी चूक पाहा: परड्यूचं सीएस इंजिनियरिंगमध्ये नाही, कॉलेज ऑफ सायन्समध्ये आहे. 'आधी इंजिनियरिंगला घेऊ, मग सीएस निवडू' म्हणणारा तिथे चुकीच्या रांगेत उभा असतो.

तिसऱ्या जातीत मेजर हाच प्रवेश. बर्कलीचं इंजिनियरिंग, सॅन होजे स्टेट आणि कॅल पॉली सॅन लुईस ओबिस्पो इथे तुमची तुलना त्या मेजरला अर्ज केलेल्यांशीच होते. सॅन होजे आदल्या वर्षीचे मेजरनिहाय उंबरठे (कटऑफ) स्वतः जाहीर करतं. ते उघडा आणि सीएसची ओळ बायॉलॉजीच्या ओळीशेजारी ठेवून बाबांना दाखवा, अर्धा वाद तिथेच मिटेल. कॅल पॉलीत मेजर बदलायचं तर नव्या विभागाशी रीतसर करार करावा लागतो, त्याला 'आयसीएमए' म्हणतात: ठरलेले कोर्स, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या ग्रेडने. आधी विभागाने तुम्हाला तो करार देऊ करायला हवा, ही त्यातली मेख.

तेव्हा या शनिवारी लेकीला एक साधा तक्ता करायला बसवा. तिने, तुम्ही नाही. प्रत्येक कॉलेजला एक ओळ. रकाने असे: मेजरचं नेमकं नाव, ते कुठल्या कॉलेजात किंवा स्कूलमध्ये बसतं, प्रवेशात मेजर धरतात का, नंतर त्यात शिरता येतं का आणि कुठल्या अटींवर, पर्यायी मेजर विचारतात का, विचारलं तर खरंच पाहतात का. एका ओळीला अर्धा तास पुरतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधताना जिथे 'सिलेक्टिव्ह', 'कॅप्ड', 'इम्पॅक्टेड' किंवा 'हाय-डिमांड' यांपैकी शब्द दिसेल तिथे थांबा. चारही शब्दांचा अर्थ एकच: जागेपेक्षा माणसं जास्त. प्रवेश विभागाचं पान गोड बोलतं, खरं काय ते विभागाच्या सल्लागारांच्या पानावर 'चेंज ऑफ मेजर'खाली मिळतं. दोन्ही वाचा. पानावर कुठल्या वर्षाचे नियम आहेत हेही बघा, दोन वर्षांपूर्वीचं पान गूगल आनंदाने वर काढतं.

सॅन दिएगोची ओळ विशेष नीट भरा. तिथे 'सिलेक्टिव्ह' म्हटलं की लोकांना इंजिनियरिंगच आठवतं, पण जीवशास्त्राचे मेजरही त्या यादीत येतात. 'बायॉलॉजी काय, कधीही मिळेल' हे तिथे चालत नाही. नंतर शिरायचं तर ठरावीक कोर्स, ठरावीक वेळ, आणि जागा असतील तरच.

पानावरून उलगडा झाला नाही तर विभागाला चार ओळींचा मेल करू दे. 'मेजर बदलता येतं का?' असं विचारू नये, त्याला उत्तर येतं 'हो, अर्ज करता येतो'. विचारायचं असं: 'मी अमुक मेजरमध्ये आले आणि मला तमुक मेजरमध्ये जायचं असेल, तर कुठले कोर्स किती ग्रेडने लागतात, त्या कोर्सना मेजरबाहेरच्यांना नाव घालता येतं का, आणि अटी पुऱ्या केल्यावर प्रवेश नक्की असतो की निवड होते?' शेवटचा तुकडा महत्त्वाचा. 'अटी पुऱ्या केल्या की मिळतं' आणि 'अटी पुऱ्या केल्या की अर्ज करता येतो' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुमचं 'अनडिक्लेअर्ड'. यात पाप काही नाही, आणि 'अनडिक्लेअर्ड लिहिलं की गंभीर नाही असं समजतात' ही भीती यूसीच्या लेटर्स अँड सायन्ससारख्या ठिकाणी फोल आहे. पण त्याची एक अट आहे: तिला पुढे हवे असणारे सगळे मेजर आतून उघडे असले पाहिजेत. तसे असतील तर खुशाल टाका. त्यातला एकही बंद दाराआड असेल, तर अनडिक्लेअर्ड म्हणजे निर्णय पुढे ढकलणं नव्हे, त्या मेजरला नकार देणं. फॉर्म तसं सांगत नाही, एवढंच. शिवाय तुमच्या लेकीची आवड धूसर नाही. पाहुण्यांना तासभर भरती-ओहोटी सांगणारी मुलगी 'अजून ठरलं नाही' म्हणाली, तर तिच्या अर्जातली सगळ्यात बळकट गोष्ट तिनेच झाकल्यासारखी होईल.

आणि आता बाबा. त्यांची काळजी पोकळ नाही, तिच्याकडे पुढे येतोच. पण आधी अर्जाच्या दृष्टीने. बर्कलीचं ईईसीएस (इंजिनियरिंगमधलं इलेक्ट्रिकल आणि सीएस) किंवा सॅन दिएगोचं सीएस, यांच्या ढिगात जे अर्ज असतात त्यांत अकरावीतच बीसी कॅल्क्युलस, एपी फिजिक्स, एपी कॉम्प्युटर सायन्स ए आणि वर कम्युनिटी कॉलेजातले दोन कोर्स, हे सर्रास दिसतं. तुमच्या लेकीचं फिजिक्स आत्ता सुरू झालंय. यूसी प्रवेशासाठी जो जीपीए धरते तो नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचा. बारावीचे विषय दिसतात, त्यांचे ग्रेड त्या आकड्यात नसतात. म्हणजे ती हुशार असूनही त्या ढिगात तिची फाइल अर्धी कोरी दिसेल.

तीच फाइल दुसऱ्या टेबलावर ठेवा. ओहोटीला तुतवारांसारखे किनारपक्षी चिखलपट्टीभर पांगून चरतात, भरती आली की मिठाच्या जुन्या तळ्यांवर एकगठ्ठा विसाव्याला येतात. एका वर्षी भरतीला मोजले आणि पुढच्या वर्षी ओहोटीला, तर पक्षी अचानक घटले असं कागदावर दिसेल आणि खाडीत काहीच घडलेलं नसेल. हे नोंदींवरून ओळखून वेळा वेगळ्या करणं म्हणजे केवळ पायथन येणं नव्हे. विदा (डेटा) कशी जमली हे न विचारता आलेख काढणारी माणसं नोकरीतही मुबलक सापडतात. परिस्थितिकी (ईकॉलॉजी), संगणकीय जीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राच्या ढिगात असा अर्ज वाचणारा थांबतो.

म्हणून आमचं मत: सगळीकडे एकच मेजर लिहू नका. यूसीच्या अर्जात प्रत्येक कॅम्पसला वेगळं मेजर देता येतं, आणि प्रत्येक कॅम्पसची वेगळी फी मोजणारच आहात तर त्याचा फायदा घ्या. यूसीएलएला ईकॉलॉजी, बिहेव्हियर अँड इव्होल्यूशन किंवा कॉम्प्युटेशनल अँड सिस्टिम्स बायॉलॉजी, यांतलं जे तिला खरंच हवं ते लिहा, रकाना प्रवेशाला आड येत नाही. फक्त दुसऱ्यात सुरुवातीच्या कोर्सचे ग्रेड राखावे लागतात. डेव्हिसला वाइल्डलाइफ, फिश अँड कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी आहे, तिच्यासाठीच काढल्यासारखं. बर्कलीला रॉसर कॉलेज ऑफ नॅचरल रिसोर्सेसमधलं पर्यावरणशास्त्र आणि जोडीला डेटा सायन्सचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय. बाबांना हा शब्द आवर्जून सांगा. सीएसचं मेजर बंद असतं तिथे संगणक किंवा विदाविज्ञानाचा मायनर कित्येकदा खुला असतो, आणि तिला जेवढं प्रोग्रामिंग लागणार आहे तेवढं त्यात बसतं. सॅन दिएगोला बायॉइन्फर्मॅटिक्स की ईकॉलॉजी, हे तक्त्यावरून ठरवा. सांता क्रूझला मात्र विचार करून: सीएसची धाकधूक मनात राहणारच असेल, तर पहिली पसंती सीएसलाच देऊन टाका आणि ईकॉलॉजी पर्यायी ठेवा. एका अर्जात बाबांचंही मन राहील.

पर्यायी मेजरबद्दल एक ताकीद. काही कॅम्पस तो पाहतात, काही ढुंकूनही बघत नाहीत. यूसी समुपदेशकांसाठी दरवर्षी 'क्विक रेफरन्स' पुस्तिका काढते, ती शाळेच्या समुपदेशकाकडे मागा. जिथे पाहतात तिथे पर्यायी मेजर वेगळ्या विभागातलं आणि कमी गर्दीचं हवं. पहिलं सीएस आणि पर्यायी कॉम्प्युटर इंजिनियरिंग, हे एकाच भरलेल्या लोकलच्या दोन दारांना लोंबकळण्यासारखं आहे.

मेजरच्या नावांवर जाऊ नका, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असे प्रकार इथे भरपूर. बायॉइंजिनियरिंगमध्ये पक्षी नसतात, फिजिक्स आणि सर्किट असतात. इलिनॉयला 'सीएस अधिक दुसरा विषय' अशी जोडमेजर आहेत आणि त्यांत सीएस अधिक ॲनिमल सायन्सेसही आहे. ऐकल्यावर वाटेल, सापडलं! पण ते कृषी महाविद्यालयातलं ॲनिमल सायन्सेस: गाई, डुकरं, कोंबड्या, त्यांचं पोषण आणि पैदास. तिला ते आवडेलही, आम्ही नाही म्हणत नाही. पण तुतवार सोडून कोंबड्यांकडे जाताना माहीत असलेलं बरं. आणि हे जोडमेजरही अर्जातच मागावं लागतं.

नावामागचं पाहायची रीत अशी. विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये त्या मेजरचा चार वर्षांचा नमुना आराखडा असतो. पहिलं वर्ष सोडून द्या, सगळीकडे कॅल्क्युलस आणि केमिस्ट्रीच असते. दुसऱ्या वर्षाची यादी मोठ्याने वाचा, बऱ्याच बायॉलॉजी मेजरमध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्री तिथेच बसलेली असते. मग तिसऱ्या वर्षाचा एक सक्तीचा कोर्स निवडा, त्याचा सिलॅबस शोधा आणि लेकीला वाचायला द्या. वाचता वाचता ती काहीतरी विचारायला आली तर ठीक. फोन घेऊन बसली तर त्या मेजरवर काट मारा. ही कसोटी सीएसलाही लावा: ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि अल्गोरिदमचा सिलॅबस. बाबांसमोर.

आता व्हिसाचं. यूसीचे सल्लागार हे विचारात घेत नाहीत आणि आपल्याकडची माणसं याखेरीज दुसरं बोलत नाहीत. सध्याच्या नियमांप्रमाणे एच-४ वरची मुलगी २१ पूर्ण होताच त्या व्हिसातून बाहेर पडते, म्हणजे बहुधा पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आसपास. त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करून घ्यावा लागतो आणि त्याला महिने लागतात, म्हणून विसाव्या वाढदिवसालाच वकिलाची वेळ घ्या. त्या बदलाने फीचा दर्जा (राज्यातल्यांची फी की बाहेरच्यांची) बदलतो का, हे प्रत्येक कॅम्पसच्या रेसिडेन्सी कार्यालयाला आजच लेखी विचारा. पदवीनंतर एफ-१ वर १२ महिन्यांचं ओपीटी (नोकरीची परवानगी) मिळतं, आणि मेजरचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) सरकारच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत असेल तर आणखी २४ महिने. कोड नावावरून कळत नाही. साध्या इकॉनॉमिक्सचा ४५.०६०१ त्या यादीत नाही, परिमाणात्मक इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३ आहे. काही विद्यापीठं पदवीला इकॉनॉमिक्सच म्हणतात पण कोड दुसरा लावतात. तुमच्या लेकीसाठी ही बाजू सोपी आहे. जीवशास्त्राचे २६ने सुरू होणारे कोड आणि संगणकाचे ११ने सुरू होणारे बहुतेक, दोन्ही यादीत येतात. पर्यावरण आणि वन्यजीवांचे मेजर ०३खालीही टाकतात, तेव्हा डेव्हिस आणि बर्कलीला नेमका कोड विचारून घ्या.

बाबांची खरी काळजी इथे आहे, आणि ती त्यांनी बोलून दाखवलेली नसावी. अमेरिकेत वन्यजीवांच्या नोकऱ्यांचा मोठा भाग केंद्र सरकारकडे आहे आणि तिथे सहसा नागरिकत्व लागतं. नॅशनल सायन्स फाउंडेशनचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम, ज्यांना आरईयू म्हणतात, त्यांचं विद्यावेतनही नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांपुरतंच. एच-४ वरच्या मुलांना पगारी काम चालत नाही, प्रयोगशाळेतलं तासावारीचंही नाही. मग तिला अनुभव मिळवायचा तर क्रेडिटवर संशोधन किंवा स्वयंसेवा, आणि पुढे नोकरी बहुधा खासगी सल्लागार कंपनीत, विद्यापीठात नाहीतर विदेच्या कामात. म्हणून संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंगची जोड तिला शोभेपुरती नको, चांगली घट्ट हवी: किमान तीन-चार कोर्स, एक डेटाबेसचा आणि जमला तर एक नकाशांचा, म्हणजे जीआयएसचा. हे सगळं ईकॉलॉजीच्या मेजरमध्ये राहून करता येतं.

काकांना मागचं दार फारच प्रिय असेल, तर खरं मागचं दार तुमच्या गावातच आहे, ओलोनी कॉलेज. दोन वर्षं तिथे, मग तिसऱ्या वर्षी बदली, आणि बदली थेट मेजरमध्येच होते. यूसीचे सहा कॅम्पस अटी पुऱ्या करणाऱ्यांना टॅग नावाची प्रवेशाची हमी देतात. तुमच्या पाचांपैकी त्यांत डेव्हिस आणि सांता क्रूझ आहेत, बाकी तीन नाहीत. हमीतून वगळलेल्या मेजरांत सीएस वरचेवर दिसतं, तेव्हा तीही यादी वाचून घ्या.

उत्तरं लिहिताना यूसीच्या आठ प्रश्नांपैकी सहावा, आवडत्या शैक्षणिक विषयाचा, हा तिचाच. 'मला लहानपणापासून पक्षी आवडतात' ही ओळ खोडून टाका. भरतीचा आकडा आणि ओहोटीचा आकडा शेजारी दिसला तो क्षण, शंका काय आली, काय तपासलं, कुठे चुकली, एवढंच ३५० शब्दांत. उपक्रमाच्या वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात, कॉमन ॲपमध्ये (इतर कॉलेजांच्या सामाईक अर्जात) फक्त १५०. तिथे विशेषणं नकोत, किती फेऱ्या, किती नोंदी, कुठलं साधन, हे हवं.

यूसीच्या अर्जाची मुदत ३० नोव्हेंबर, तो दिवस शनिवार-रविवारी आला की एक-दोन दिवस पुढे जाते. तुम्ही २० तारीख धरा, शेवटच्या रात्री पोर्टल रांगत असतं. पाठवण्यापूर्वी प्रत्येक कॅम्पससमोर कॉलेज आणि मेजर दोन्ही वाचून घ्या. चुकीचं कॉलेज निवडलं तर खालच्या यादीत मेजरच बदललेले असतात आणि घाईत ते लक्षात येत नाही. एकदा पाठवला की फोन नंबर बदलता येतो, मेजर नाही.

मार्चमध्ये निकाल आले की पत्रातली मेजरची ओळ आधी बघा. कधीकधी 'अभिनंदन'च्या खाली पर्यायी मेजर असतं, नाहीतर 'अनडिक्लेअर्ड', आणि आनंदात ते कुणी वाचत नाही. तसं झालं तर विभागाला तोच मेल पुन्हा, त्याच शेवटच्या प्रश्नासह, आणि उत्तर हातात आल्यावरच होकार. होकाराची मुदत १ मे.